सगळं अनित्य आहे, तर पूर आल्यावर सामान वर का चढवायचं?

कृष्णाकाठची (सांगली)

जय भीम, नमो बुद्धाय, नमस्कार.

वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ, चालू आहे, त्यामुळे आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतं. परवा अनित्यतेचा भाग आला. बाबासाहेबांनी त्यात तीन पदर वेगळे करून दाखवलेत: अनेक घटक जुळून झालेल्या वस्तू अनित्य, माणूस अनित्य, आणि कारणांवर टिकलेल्या प्रत्येक गोष्टीचं स्वरूपच अनित्य. वाचन संपल्यावर मागे बसलेल्या एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "सगळं अनित्य आहे, तर पूर आल्यावर आपण सामान वर का चढवतो? जाऊ द्यावं की."

लोक हसले. एक काका "संसार आहे बाळा, करावं लागतं" म्हणाले आणि मंडळी चपला शोधायला उठली. मला मात्र तो प्रश्न असा मिटवण्यासारखा वाटत नाही. आम्ही गावभागातली माणसं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरल्यावर घरात शिरलं की लाकडी कपाट फुगून बसलेलं असतं, दार कोयत्याने उचकटावं लागतं. आत साड्यांच्या घड्या ठेवल्या तशाच दिसतात, पण उचलायला गेलं की गाळाने जड झालेलं कापड घडीवरच फाटतं. त्या वेळी कुणी "सब्बे सङ्खारा अनिच्चा", घडलेलं सगळं अनित्य, असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला आधार वाटेल की जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल?

आणि हे काही आपल्याला नवीन नाही. पुष्पपूजेला आपण रोज म्हणतोच, "पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं." हे फूल कोमेजतं तसा हा देहही नाशाकडे जातो. लहानपणापासून पाठ आहे. पण पोरांच्या फिया, सासूबाईंचं दुखणं, नवऱ्याची कंत्राटी नोकरी, यात ती गाथा कुठे कामाला येते, हे कुणी उलगडून सांगत नाही.

माझं मत आधीच सांगते. ज्या शिकवणीने माणूस हातपाय गाळून बसेल, ती बुद्धाची असणार नाही. पण नुसत्या मताने भागत नाही, मला आधार हवाय. जाणकारांनी लिहावं.

पलूस_बागाईतदार

ताई, पोरानं प्रश्न लई बरोबर इचारलाय. मी धम्माचा अभ्यासक न्हाई, द्राक्षबाग करणारा माणूस हाय. तरी लिवतो.

आमच्याकडं एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. फळछाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पावसानं गाठलं की डाऊनी, बुरशीचा रोग, आला म्हून समजा. आज घड हिरवागार दिसतोय, ढग दोन दिस बसलं, पानं वली ऱ्हायली, की घडावर पांढरी बुरशी चढती. मग तपकिरी पडून वाळून जातोय. वर्साचं पैसं डोळ्यादेखत जात्यात. अनित्य काय असतं ते मला कुणी शिकवायला नको.

पर म्हून मी औषध मारायचं सोडतो व्हय? उलट पहाटं उठून पानाची मागची बाजू बघत फिरतो. "माझ्या बागंला काय हुत न्हाई" म्हणणारा बघायला जात न्हाई, आन तोच बुडतो.

एक इचारतो. चांगलं साल आलं की लोकं गाडी घेत्यात, बंगल्याला हात घालत्यात, आन फुडच्या साली सोसायटीचं कर्ज थकतंय. बुद्धानं पैशाअडक्याबद्दल काय सांगितलंय का?

निवृत्त_मास्तर_मिरज

ताई, आधार आहे, आणि तो अगदी पाण्याचाच आहे.

कोलियांच्या कक्करपत्त गावी दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांकडे येतो. तो सरळ सांगतो की आम्ही घरसंसारी माणसं, पोराबाळांच्या गर्दीत राहतो, काशीचं चंदन लावतो, माळा घालतो, सोनंनाणं बाळगतो. आम्हाला झेपेल असं काही सांगा. भगवंत त्याला घर सोडायला सांगत नाहीत. या जन्मीच्या हितासाठी चार गोष्टी सांगतात: कष्टाने आणि कौशल्याने काम करणं, मिळवलेलं राखणं, चांगल्या माणसांची संगत, आणि आवक पाहून खर्च.

यातली दुसरी गोष्ट नीट वाचा. कष्टाच्या धनाचं रक्षण कशापासून करायचं? राजाने नेऊ नये, चोराने नेऊ नये, आगीने जाळू नये, "न उदकं वहेय्य", म्हणजे पाण्याने वाहून नेऊ नये, आणि नावडत्या वारसांच्या हाती पडू नये. पाण्यापासून सामान वाचवणं हा शब्दशः बुद्धवचनातला गृहस्थधर्म आहे.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्याच सुत्तात पुढे आहे. त्याच बैठकीत, त्याच माणसाला पुढच्या हितासाठी आणखी चार गोष्टी सांगितल्या: श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा. आणि प्रज्ञा कोणती? उदय आणि अस्त जाणणारी. गोष्टी उत्पन्न होतात आणि मावळतात, हे पाहणारी. म्हणजे सामान पाण्यापासून राख आणि सगळं मावळणारं आहे हे जाण, ही दोन्ही वाक्यं एका श्वासात एकाच गृहस्थाला सांगितलेली आहेत. भगवंतांना त्यात विरोध दिसला नाही. आपल्याला दिसतो, कारण आपण अनित्यता भिक्खूंकडे देऊन टाकली आणि संसार तेवढा आपल्याकडे ठेवला.

पलूसकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सिगालोवाद सुत्तात आहे. तिथे मिळकतीचे चार वाटे करायला सांगितलंय. एक वाटा उपभोगाला, दोन वाटे धंद्यात, आणि चौथा बाजूला ठेवायचा, "आपदासु भविस्सति", अडचणीत उपयोगी पडेल म्हणून. निम्मं भांडवलात घाला, पण पाव हिस्सा संकटासाठी राखून ठेवा, असा हा सल्ला आहे. चांगलं साल कायम राहणार नाही हे ज्याला खरोखर पटलं, तोच चौथा वाटा काढतो. तुमच्या भाषेत, पानाची मागची बाजू बघतो.

आगाशिव_कराड

मास्तरांनी फार चांगलं मांडलं. माझी थोडी भर.

आमच्या जखीणवाडीजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात साठाच्या वर लेणी आहेत, बहुतेक साधी, नक्षीकाम फारसं नसलेली. भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहायचे, तेव्हाचा हा निवारा. भारहूतच्या स्तूपावरच्या दानलेखांत करहकटच्या दात्यांची नावं येतात आणि अभ्यासक ते गाव म्हणजे आपलं कराडच मानतात. मध्य प्रदेशातल्या स्तूपासाठी इथल्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी दान दिलं. त्यातल्या कितींनी तो स्तूप पूर्ण झालेला पाहिला असेल? आपण राहणार नाही हे रोज म्हणणाऱ्या लोकांनीच सबंध डोंगर कोरून ठेवले. हातपाय गाळून बसणाऱ्यांचं हे काम नव्हे.

शाहूपुरी_सातारा

चर्चा वाचतोय, चांगली चालू आहे. पण यात बुद्धाचं म्हणून वेगळं काय? आमच्या घरी सज्जनगडाची परंपरा आहे. देह नाशवंत, संसार खोटा, आज आहे उद्या नाही, हे आम्ही दासबोधाच्या वाचनात लहानपणापासून ऐकतो. वारकरी कीर्तनातही हेच असतं. जग मिथ्या आहे हे सगळ्यांचंच म्हणणं.

निवृत्त_मास्तर_मिरज

दादा, तुमच्या परंपरेचा आदर ठेवून सांगतो, इथे वाट वेगळी होते. बुद्धाने जग खोटं आहे असं म्हटलं नाही. दुःख खरं आहे, त्याची कारणं खरी आहेत, पुरात गेलेलं घर खरं होतं. फक्त ते कारणांनी उभं होतं आणि कारणं बदलली की बदलतं. मिथ्या म्हटलं की मागे एक सत्य, न बदलणारं काहीतरी धरावं लागतं, आत्मा किंवा ब्रह्म. बुद्धाने ते धरलं नाही. अनत्तलक्खण सुत्तात पाच भिक्खूंना तो, माणूस ज्यांचा बनतो त्या पाच स्कंधांबद्दल, एकेक करून विचारतो: रूप नित्य की अनित्य? वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान? प्रत्येकाचं उत्तर अनित्य. मग जे अनित्य त्याला 'हा मी, हा माझा आत्मा' म्हणणं योग्य आहे का? नाही. तिथेच थांबतो, पुढे नित्य वस्तू काढून दाखवत नाही.

आगाशिव_कराड

आणि शाहूपुरीकर, तुमच्या साताऱ्यातच याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव पटावर चढलं. आई भीमाबाई त्याआधीच साताऱ्यात वारल्या होत्या. वर्गात वेगळं बसायचं, पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. ती व्यवस्था अनादि आहे, कधी बदलणार नाही, असं तेव्हा मोठेमोठे लोक मानत होते. आज राज्यभर तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

बाबासाहेब शून्यतेबद्दल लिहितात तेव्हा हेच सांगतात, की सततचा बदल आहे म्हणूनच इतर सगळं शक्य होतं. वस्तू नित्य असत्या तर जीवसृष्टीचा विकासच खुंटला असता. ज्याच्याकडे गमावण्यासारखं खूप आहे त्याला अनित्यता भिववते. ज्याच्या पिढ्या वेशीबाहेर गेल्या, त्याला हीच शिकवण सांगते की तुमच्यावर लादलेलं काहीही कायमचं नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षा झाल्याचं ऐकलं आणि घरातले देव नदीत सोडले, ते काही जगाचा उबग आला म्हणून नव्हे.

शाहूपुरी_सातारा

ही बाजू मी कधी ऐकली नव्हती. आमच्या वाचनात नाशवंतपणा नेहमी वैराग्याकडेच नेतो. यावर विचार करतो. आत्म्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे आणि राहील.

रुग्णसेविका_मिरज

मी मिरजेत दवाखान्यात काम करते. आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून पेशंट येतात, त्यामुळे मृत्यू रोजचा आहे. कृष्णाकाठच्या ताईंनी मिठाचा प्रश्न विचारला, त्यावर कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहिते.

माझ्या मते अनित्यतेचा सर्वांत वाईट उपयोग सांत्वनात होतो. आमच्या नात्यातल्या एका तरुण मुलाच्या जलदान विधीला, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीला, त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. आलेली तीन-चार वडीलधारी माणसं पाठोपाठ तेच म्हणाली, "अनित्य आहे ताई, रडायचं नाही, आपण बौद्ध आहोत." ती रडायची थांबली. पण तिने त्या दिवशी पाण्याचा घोटही घेतला नाही आणि पुढे कित्येक आठवडे कुणाशी बोलली नाही. तिचं दुःख आत कोंडलं गेलं, आणि धम्माच्या नावाने कोंडलं गेलं, याचा मला फार राग आहे.

किसा गोतमीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण ती सांगताना आपण मधलं गाळतो. मेलेलं बाळ कडेवर घेऊन आलेल्या आईला बुद्धाने गाथा ऐकवली नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून पांढऱ्या मोहऱ्या आण म्हणाले. ती श्रावस्तीत दारोदार फिरली. प्रत्येक दारात मोहरी मिळत होती, आणि प्रत्येक दारात कुणीतरी सांगत होतं, आमचा मुलगा गेला, आमची सून गेली. बोध तिला इतरांच्या उंबऱ्यांवर झाला, त्यांचं ऐकताना झाला. बुद्धाने तिला तेवढा वेळ दिला आणि तेवढी माणसं दिली. परत आल्यावर मग धम्म सांगितला.

आणि आनंद? भगवंतांचं परिनिर्वाण जवळ आलं तेव्हा तो आत जाऊन दाराला धरून रडत उभा राहिला. भगवंतांनी त्याला बोलावून घेतलं. प्रियजनांपासून वियोग होतोच हे मी आधीच सांगितलं आहे ना, असं म्हणाले खरे. पण लगेच हेही म्हणाले की तू दीर्घकाळ काया-वाचा-मनाने मैत्रीपूर्वक माझी सेवा केलीस. रडणाऱ्याला त्याच्या प्रेमाची पावती दिली. हे दुसरं वाक्य आपण कधीच सांगत नाही.

मी स्वतःपुरता एक नियम केलाय. अनित्यतेचं चिंतन धडधाकट असताना, स्वतःसाठी करायचं. जरा, व्याधी, मृत्यू, प्रियजनांचा वियोग, आणि कर्म तेवढं आपलं, या पाच गोष्टींचं वारंवार चिंतन स्त्री-पुरुष, गृहस्थ-प्रव्रजित सगळ्यांनी करावं असं अंगुत्तर निकायात आहे. मी ते ड्युटीला जाताना बसमध्ये करते. शोक झालेल्या घरात गेले की चहा करते, भांडी घासते, त्यांना बोलू देते.

कृष्णाकाठची (सांगली)

ताई, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. विहारात हे वाचून दाखवू का? नाव-गाव काहीच येणार नाही.

रुग्णसेविका_मिरज

जरूर वाचा.

वाईकर_साधक

मी विपश्यना करतो. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ला सुरू झालं, आता आपल्याला हातकणंगले तालुक्यात आळत्याचं धम्मालय जवळ पडतं. वरच्या सगळ्या चर्चेत अनित्यता ही विचार करून पटवून घ्यायची गोष्ट म्हणून आली. शिबिरात ती अंगावर बघायला शिकवतात. पहिले तीन दिवस नुसता श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना देतात. मग अधिष्ठानाच्या बैठका, तासभर डोळे, हात, पाय हलवायचे नाहीत. वीसेक मिनिटांत गुडघ्यात कळ येते. ती एक सलग, दगडासारखी वाटते. बघत राहिलं की कळतं, तिच्यात ठणका आहे, जळजळ आहे, मुंग्या आहेत, आणि प्रत्येक गोष्ट येऊन जाते आहे. पाय तोच, दुखणंही तेच, पण त्याच्याशी चाललेलं भांडण थांबतं.

घरी याचा उपयोग कुठे? आमच्या भावकीत बांधावरून वाद आहे, साताऱ्यात कुणाच्या नाही? ग्रुपवर चुलतभावाचा मेसेज आला की छातीत गरम होतं, बोटं आपोआप टाइप करायला लागतात. आता मी फोन उपडा ठेवतो आणि ती गरमी बघतो. ती चढते, थांबते, उतरते. उतरल्यावर जे उत्तर लिहितो ते वेगळं असतं. लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख हे आठ लोकधम्म जगाच्या मागे लागलेले आहेत आणि आठही बदलणारे आहेत, हे सुत्त मला तिथे कळलं.

आगाशिव_कराड

साधक दादा, राग मानू नका. आमच्यातल्या अनेकांना भीती वाटते की डोळे मिटून वेदना बघता बघता माणूस अन्यायही नुसता बघत बसेल. बांधावर तुमचा हक्क असेल तर?

वाईकर_साधक

भीती रास्त आहे, तशी माणसं मी पाहिली आहेत. हक्क मी सोडलेला नाही, मोजणीचा अर्ज दिलाय, तारखेला जातो. फरक इतकाच की पूर्वी मी तारखेला शिव्या घेऊन जायचो, आता कागद घेऊन जातो. शेवटचा उपदेशच आहे ना: "वयधम्मा सङ्खारा, अप्पमादेन सम्पादेथ." सगळं नाश पावणारं आहे, म्हणून गाफील न राहता काम पूर्ण करा. पहिल्या अर्ध्यावर थांबलं की तुम्ही म्हणता तसं होतं.

सांगलवाडी_एक

नमस्कार. विहारात तो प्रश्न विचारणारा मीच. ताईंनी लिंक पाठवली.

मी गंमत म्हणून विचारलं नव्हतं. २०१९ला मी शाळेत होतो. वह्या, पुस्तकं, चित्रकलेच्या परीक्षेची सर्टिफिकेटं, सगळं पाण्यात गेलं. आम्ही छावणीत होतो तेव्हा कुणीतरी असंच म्हणालं, वस्तूंचा मोह ठेवू नये. म्हणणाऱ्याचं घर उंचावर होतं. तेव्हापासून हा शब्द ऐकला की चीड येते. दीघजाणूचं वाचल्यावर ती चीड बरीच कमी झाली, मास्तर, तुमचे आभार.

पण एक शंका राहते. क्षणोक्षणी मीच बदलतोय, कायमचा 'मी' कुणी नाही, तर चौथा वाटा कोण कुणासाठी ठेवतो? आज बचत करणारा आणि उद्या वापरणारा एकच नसेल तर?

निवृत्त_मास्तर_मिरज

बाळा, हाच प्रश्न ग्रीक राजा मिलिंदाने नागसेन भंतेंना विचारला होता. नागसेन म्हणाले, तोच नव्हे आणि दुसराही नव्हे. मग आंब्याचं उदाहरण दिलं. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, याने लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे, मी दोषी कसा? राजाला विचारलं, हा सुटेल का? राजा म्हणाला, नाही, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्यापासूनच आलेले आहेत.

तसंच तुझं. शाळेतला तू आणि आजचा तू एकच नाहीस. उंची, आवाज, मतं सगळं बदललंय. तरी आज तू जो आहेस तो त्या मुलाने केलेल्या अभ्यासातून आलेला आहेस. कायमचा 'मी' नसला तरी कारणांची साखळी तुटत नाही. उलट 'मी' न बदलणारा असता, तर आजच्या बचतीने किंवा अभ्यासाने त्याला काहीच फरक पडला नसता.

पलूस_बागाईतदार

म्हंजी कर्ज काढणारा मी न्हवं म्हून सोसायटीला सांगून चालत न्हाई. कळलं मास्तर. चार वाट्यांचं मी आमच्या गटात सांगणार हाय. बेदाण्याचं पैसं हातात येत्यात तेव्हाच बोलाय पायजे, नंतर कोण ऐकत न्हाई.

कृष्णाकाठची (सांगली)

मास्तर, रविवारी सकाळी साडेदहाला आमच्या विहारात येऊन दीघजाणू सुत्त सांगाल का? पोरं बरीच असतील, प्रश्न विचारतील, आणि या वेळी कुणी मध्येच उठणार नाही याची मी खात्री देते.

निवृत्त_मास्तर_मिरज

येतो. अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातातलं आहे, मराठी भाषांतराची पानं झेरॉक्स करून आणतो. तीस प्रती पुरतील का?

सांगलवाडी_एक

चाळीस आणा सर. कॉलेजचे मित्र येतायत.